एकट्या बाईच्या नावावर जमीन, तीही काऊबॉयच्या मुलखात?

प्रश्न: ताई, मी सोलापूरची. आईला रोज रात्री एक कादंबरी वाचून दाखवते, त्यात एक विधवा अमेरिकेत पश्चिमेला जाऊन स्वतःच्या नावावर सरकारी जमीन घेते, मग एका काऊबॉयवर तिचा जीव जडतो, दोघांची देवावर लय श्रद्धा. आई म्हणते त्या काळी बाईच्या नावावर कोण जमीन करणार, उगीच लिहिलंय. खरं काय?

उत्तर: खरंय गं, अगदी खरंय! १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं विधवेला, २१ वर्षांच्या अविवाहित बाईलाही १६० एकरापर्यंत जमिनीसाठी अर्ज करता यायचा, पण पाच वर्षं तिथंच राहून घर बांधायचं, रान कसायचं, तेव्हा कुठं जमीन नावावर. नवरा असलेल्या बाईला मात्र सहसा मिळायची नाही, म्हणून तुझी नायिका लग्नाला लगेच हो म्हणत नसेल तर मला ते फार पटतं. झाडं नसलेल्या माळावर लोक गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापून घर रचायचे आणि पाऊस लागला की छतातून चिखल गळायचा, आपल्याकडं माळवद गळायला लागलं की आजी खाली परात ठेवायची ना, तसंच. काऊबॉय म्हणशील तर पगारावर गुरं हाकणारा गडी, टेक्सासहून कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत कित्येक आठवडे घोड्यावर. त्यांच्यात कृष्णवर्णीय आणि मेक्सिकनही पुष्कळ होते, कादंबऱ्यांत ते फार कमी दिसतात, याचं मला वाईट वाटतं. आणि चर्च लांब असायचं म्हणून धर्मोपदेशक घोड्यावरून वस्त्या फिरायचे, तेही खरंच. आईला सांग हे सगळं, आणि पुढं काय झालं ते मला नक्की कळव.