घाटात पेडल खाली गेलं, म्हणून सहा पिस्टन?

प्रश्न : मी अमळनेरचा. मागच्या वर्षी सेकंड हँड बीएमडब्ल्यू झेडफोर घेतली, वजन साधारण 1,500 किलो. एप्रिलमध्ये संभाजीनगरहून येताना कन्नड घाट उतरलो. शेवटच्या वळणांवर जळका वास आला आणि पेडल मऊ पडून खाली जायला लागलं. मित्र म्हणतात, पुढे सहा पिस्टनचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे) आणि 380 मिलिमीटर व्यासाच्या, भोकं पाडलेल्या डिस्क टाक. रिम 18 इंची आहेत. टाकू का?

उत्तर : भाऊ, किटचं नंतर बघू. आधी ब्रेक ऑइल बदला आणि तोवर गाडी घाटात नेऊ नका.

तुम्ही लिहिलेल्या एका शब्दावरून मी हे सांगतोय : मऊ. पेडल कडक राहतं आणि गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड तापलेले असतात. पेडलच मऊ पडलं, तर ऑइलला उकळी फुटलेली असते. पाइपात वाफ झाली की पाय ती वाफच दाबत बसतो, पिस्टनपर्यंत जोर पोचत नाही. नवं डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा पितं. त्यात 3.7 टक्के पाणी शिरलं की हाच किमान आकडा 155 वर येतो. सेकंड हँड गाडीत ऑइल कधीचं आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

मी चोविशीत असताना मालकाची जीप घेऊन हाच घाट उतरत होतो, मागे त्यांची दोन मुलं. पेडल सरळ तळाला टेकलं. पहिला गिअर टाकून, हँडब्रेक ओढून, कडेच्या मातीच्या ढिगात गाडी घातली. अर्ध्या तासाने पेडल आपोआप वर आलं, काही घडलंच नसल्यासारखं. नंतर निप्पल (कॅलिपरवरचा, ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा बोल्ट) सैल केलं तर बाटलीत कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल उतरलं. त्या मुलांचे चेहरे मला अजून दिसतात. म्हणून धुळ्याच्या माझ्या गॅरेजात कुठलीही गाडी आली की मी आधी ऑइलची टाकी उघडतो. दर 2 वर्षांनी ऑइल बदलाच.

आता उष्णतेचा हिशेब. तुमची गाडी 100 च्या वेगावरून थांबते तेव्हा जवळजवळ 5 लाख 80 हजार ज्यूल उष्णता तयार होते. एवढ्यात पावणेदोन लिटर गार पाणी उकळेल. घाटात दर 100 मीटर उंची उतरताना याच्या अडीचपट ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती इंजिनाला पेलू द्या. ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचं, हे ट्रकवाले सांगतात ते तुमच्या ऑटोमॅटिकलाही लागू आहे, गिअर हाताने खाली आणा.

मोठी डिस्क उष्णता जास्त झेलते, हा तिचा खरा फायदा. थांबण्याचं अंतर शेवटी टायर ठरवतात. आजच्या ब्रेकने एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागत असेल, तर सहा पिस्टननेही एबीएसच लागणार. आणि पिस्टनची संख्या मोजून जोर कळत नाही. सरकत्या कॅलिपरचा (ज्यात पिस्टन एकाच बाजूला असतो) 57 मिलिमीटरचा एकच पिस्टन घ्या. चार पिस्टनच्या पक्क्या, म्हणजे दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या कॅलिपरमध्ये एका बाजूला 40-40 चे दोन असतील, तर क्षेत्रफळ जवळजवळ तेवढंच भरतं. हे क्षेत्रफळ भलतंच वाढलं तर मास्टर सिलिंडरचं (पेडल ज्या पंपाला दाबतं त्याचं) ऑइल पुरत नाही, पेडल लांब जातं, आणि पुढचा जोर वाढून मागचे ब्रेक नुसते सोबतीला राहतात. म्हणून आधी किट बनवणाऱ्याकडून तुमच्याच मॉडेलच्या पुढच्या-मागच्या ब्रेकच्या जोराचा हिशेब मागा. तो देता येत नसेल त्याचं किट घेऊ नका.

तुम्ही ट्रॅकवर जाणार असाल तर चार पिस्टन आणि 355 च्या आसपासची, खाचांची डिस्क घ्या. भोकांच्या डिस्कला तापून-निवून भोकांच्या कडेलाच तडे जातात. 380 म्हणजे 15 इंच, ती 18 च्या रिममध्ये मला नको वाटते. किटवाल्याचा नमुना पुठ्ठ्यावर कापून रिमच्या आतून फिरवून बघा, रिमच्या आऱ्यांना घासला तर पैसे वाचले. कॅलिपरला धूळ अडवणारी रबरं हवीतच. रेसच्या बऱ्याच कॅलिपरना ती नसतात, आणि आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ पिस्टनशेजारी महिनाभरात थर धरते.

बसवताना एक बघा. मोठ्या शहरातून महागडं किट बसवून आलेली एक गाडी माझ्याकडे आली होती. तिघांनी ब्रेकच्या पाइपातली हवा काढली तरी पेडल मऊच. मी चाक काढलं तर निप्पल खालच्या अंगाला! डावं कॅलिपर उजवीकडे, उजवं डावीकडे. हवा वर जाते, मग खालच्या निप्पलमधून निघेल कशी? अदलाबदल केली आणि दहा मिनिटांत पेडल दगडासारखं झालं. पाइपाच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर नवेच घाला, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

प्रश्न : नव्या डिस्क टाकल्या, पण 80 च्या पुढे ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. डिस्क वाकली का? (वाचक, शहादा)

उत्तर : बहुतेक नाही. हबवरचा (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागावरचा) गंज न घासता डिस्क बसवली असेल, किंवा पॅडचा थर डिस्कवर ठिकठिकाणी चिकटला असेल. डिस्क काढा, हब तारेच्या ब्रशने चकचकीत करा, डायल गेज (बारीक फरक मोजणारं घड्याळी माप) लावून डिस्कचं डोलणं 0.05 मिलिमीटरच्या आत आणा. मग पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, 80 वरून 15 पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा. पूर्ण थांबू नका. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवून निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून सिग्नलला उभं राहिलात तर तिथेच पुन्हा डाग पडेल.