वाचकांचे प्रश्न: डोमकळीतील अळी आणि कुलरमधील अंडी

प्रश्न: गेल्या हंगामात कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे लावले. पतंग भरपूर सापडले, तरी बोंडे किडलीच. मग सापळ्यांचा उपयोग काय? आणि बीटी वाणावर गुलाबी बोंडअळी येतेच कशी? (एक शेतकरी, हिंगणा)

उत्तर: एकरी दोन सापळे किडीवर पाळत ठेवण्यासाठी असतात, तिचा बंदोबस्त करण्यासाठी नव्हे. सापळ्यातील गोळीला मादीच्या गंधासारखा गंध असल्याने तिच्याकडे फक्त नर पतंग येतात, आणि उरलेला एकेक नर अनेक माद्यांना पुरेसा असतो. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, की उपाय करण्याची वेळ आली असे समजावे. त्यामुळे मोजणीची वही नसेल, तर सापळा नुसता शेतात टांगलेला राहतो. नर मोठ्या संख्येने पकडायचेच असतील, तर एकरी आठेक सापळे लागतात आणि गंधगोळी तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते.

पतंगांच्या मोजणीइतकेच महत्त्व डोमकळ्या शोधण्याला आहे. पात्या-फुलांच्या काळात सकाळी शेतातून फिरताना जे फूल पूर्ण न उमलता फिरकीसारखे मिटून राहिलेले दिसेल, ते हलक्या हाताने उघडून पाहावे. पाकळ्या आतून बारीक धाग्यांनी बांधलेल्या आढळतात आणि परागकणांत अळी असते. लहान अळी पांढरट असते, गुलाबी रंग तिला नंतर चढतो. म्हणून ‘गुलाबी काहीच दिसले नाही’ यावर समाधान मानू नये. अशी फुले तोडून नष्ट करावीत. अळी एकदा हिरव्या बोंडात शिरली, की तिचे छिद्र भरून येते आणि फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पुढे सरकीतच तिचे पोट भरते आणि आपल्याला ते कवडी (डागाळलेला, नीट न फुटलेला) कापूस वेचताना कळते.

याच कारणामुळे संशोधकांचा भर अंड्यांवर आणि पतंगांच्या मीलनावर आहे. ट्रायकोग्रामा ही टाचणीच्या टोकाएवढी गांधीलमाशीची जात बोंडअळीच्या अंड्यात आपले अंडे घालते, त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही. तिची कार्डे पानांच्या खालच्या बाजूला टाचतात; मात्र कार्डे लावून दोन दिवसांत रासायनिक फवारणी केली, तर पैसे देऊन आणलेला मित्र आपणच मारतो. दुसऱ्या पद्धतीत मादीचा गंध दोऱ्या किंवा मलमाच्या रूपाने शेतभर पसरवतात, म्हणजे नराला खऱ्या मादीचा माग लागत नाही. हा उपाय एकट्याच्या दोन एकरांत फारसा साधत नाही, कारण शेजारच्या शेतात मीलन झालेली मादी बांध ओलांडून येते. शिवारभर एकाच वेळी केल्यास त्याचा लाभ दिसतो.

आता बीटीविषयी. या वाणांत घातलेल्या जिवाणूच्या जनुकामुळे झाड स्वतःच बोंडअळीला मारक विष तयार करते. भारतात 2002 मध्ये एक आणि 2006 मध्ये दोन जनुकांचे वाण आले. पिशवीसोबत मिळणारे बिगर-बीटी बियाणे आश्रय पीक (विषाला बळी पडणारी कीड टिकून राहावी म्हणून लावायचे पीक) म्हणून क्वचितच पेरले गेले, दीर्घ मुदतीचे संकरित वाण वाढले आणि फरदड (हंगाम संपल्यावरही जुने पीक शेतात ठेवणे) चालू राहिली. कपाशीवरच जगणाऱ्या या किडीला वर्षभर अन्न मिळाले, त्याच विषाशी तिची पिढ्यान्‌पिढ्या गाठ पडली, आणि जी वाचली तिचीच प्रजा वाढली. 2017 च्या हंगामात विदर्भाने त्याची किंमत मोजली. अमेरिकेने बीटी वाण, गंध आणि वंध्य केलेले पतंग सोडणे हे उपाय एकत्र वापरून ही कीड आपल्या कपाशीतून संपवल्याचे 2018 मध्ये जाहीर केले. वंध्य पतंगांसाठी पतंग वाढवणारे कारखानेच लागतात. आमच्या मते विदर्भाच्या हाती त्याहून स्वस्त उपाय आहे, तो म्हणजे डिसेंबरअखेर शेत मोकळे करणे आणि पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) बांधावर न रचणे. शेवटच्या दोन वेचण्यांचा मोह सोडणे सापळा विकत घेण्याइतके सोपे नाही, हे आम्ही जाणतो.

प्रश्न: आमच्या गल्लीत धूरफवारणी होऊनही डेंग्यूचे रुग्ण सापडतात. डासांनाच जिवाणू देऊन डेंग्यू रोखतात, हे खरे काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: खरे आहे. वोल्बाकिया हा जिवाणू अनेक कीटकांच्या शरीरात आपोआप आढळतो, पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात सहसा नसतो. प्रयोगशाळेत तो या डासात रुजवला, की विषाणूची वाढ खुंटते आणि मादीकडून हा जिवाणू पुढच्या पिढीतही जातो. इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात असे डास सोडलेल्या वस्त्यांत डेंग्यूचे प्रमाण 77 टक्क्यांनी कमी आढळले. त्या चाचणीचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. पुदुच्चेरी येथील भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संस्थेनेही असे डास तयार केले आहेत.

धुराने केवळ उडते डास मरतात, आणि एडिस बहुधा घरात, पडद्यामागे वा पलंगाखाली बसलेला असतो. नागपुरात त्याची खरी वसाहत कुलरची टाकी. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला अंडी चिकटवते आणि ती कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. त्यामुळे पाणी ओतून देणे पुरेसे नाही. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून तिच्या भिंती ब्रशने खरवडून घासाव्यात. उन्हाळा संपल्यावर खिडकीतच राहिलेल्या कुलरमध्ये पहिल्या पावसाचे पाणी साचले, की मे महिन्यातील अंडी जुलैत फुटतात. म्हणून कुलर आवरताना टाकी घासून, वाळवून, झाकून ठेवावी आणि कुलरच्या जुन्या ताट्या (गवताच्या जाळ्या) पुढच्या वर्षासाठी न जपता टाकून द्याव्यात, कारण अंडी त्यांनाही चिकटलेली असू शकतात.