घर संस्थेला द्यायचंय, पण बक्षीसपत्राची घाई नको

प्रश्न: मी 71 वर्षांचा, महाराष्ट्रातच राहणारा निवृत्त नोकरदार. राहता फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला आहे, शिवाय बँकेत ठेवी आहेत. पत्नी 66 वर्षांची. मुलगा-मुलगी आपापल्या पायावर उभे आहेत. अनाथ मुलांचं वसतिगृह चालवणाऱ्या एका संस्थेला हे घर द्यावं, अशी माझी इच्छा आहे. विश्वस्त म्हणतात, ‘आत्ताच बक्षीसपत्र करा, तुम्ही दोघं हयातभर इथेच राहा.’ मुलगा कोर्टात जाण्याची भाषा करतो. पत्नीची ना नाही, पण ती धास्तावली आहे. काय करावं? करात सवलत मिळेल का?

उत्तर: बक्षीसपत्रावर सही करू नका. संस्था चांगली असेल, विश्वस्तांचा हेतूही चांगला असेल, तरी नको. नोंदणी होऊन संस्थेने ते स्वीकारलं की घर तुमचं राहत नाही, आणि मन बदललं म्हणून ते रद्द करता येत नाही. हयातभर राहण्याचा हक्क दस्तातच राखून ठेवता येतो, नुसत्या तोंडी शब्दाला अर्थ नाही. पण तो राखला तरी उद्या मोठ्या आजारपणात घर विकून किंवा गहाण ठेवून पैसा उभा करता येणार नाही. शिवाय जवळच्या नातलगांना घर बक्षीस देताना 200 रुपयांत भागणारं मुद्रांक शुल्क संस्थेला लागू होत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, आणि ते शेवटपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. तुमचा मार्ग तोच.

मुलाच्या धमकीने डगमगू नका. तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू आहे असं धरून सांगतो: स्वकष्टार्जित मिळकतीवर मुलांचा जन्मसिद्ध हक्क नसतो आणि ती कोणालाही देता येते. मुस्लिम व्यक्तीला मात्र वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. आधी इंडेक्स-2, म्हणजे नोंदणी कार्यालयातला खरेदीचा उतारा, काढून बघा. खरेदीखतात पत्नीचंही नाव असेल तर तुम्ही फक्त तुमच्या हिश्शापुरतं लिहू शकता.

आता पत्नीच्या धास्तीकडे वळतो, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. ‘पत्नीने हयातभर राहावं, तिच्यानंतर घर संस्थेला’ असं सर्रास लिहिलं जातं. पण याच हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 नुसार, पोटगीच्या हक्कापोटी विधवेला मिळालेला मर्यादित हक्क पूर्ण मालकीत बदलू शकतो. या एका वाक्यावरून वर्षानुवर्षं खटले चाललेत. माझं मत सरळ आहे. घर पत्नीला पूर्ण मालकीने द्या, आणि ती तुमच्याआधी गेली तर ते संस्थेच्या कामी यावं, असं लिहा. त्याच दिवशी तिनेही, घर पुढे संस्थेच्या कामी यावं असं, तिचं स्वतंत्र मृत्युपत्र करावं. पुढे ती ते बदलू शकते, हे खरं. पण तुमच्यामागे एकटी राहणाऱ्या बाईच्या हातात तेवढी मोकळीक असलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. संस्थेला तुमच्याकडून लगेच काही मिळावं असं वाटत असेल तर ठेवींतला काही हिस्सा द्या.

संस्थेला फ्लॅट देण्यापेक्षा फ्लॅटचे पैसे द्या. अशा संस्थेला, म्हणजे सार्वजनिक न्यासाला, स्थावर मिळकत विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ती मिळेपर्यंत घर कुलपात आणि सोसायटीचा मेंटेनन्स चालू. म्हणून कलम असं लिहा (एक्झिक्युटर म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला तुम्ही नेमलेली व्यक्ती): ‘माझी पत्नी माझ्याआधी मयत झाल्यास, माझ्या एक्झिक्युटरने सदर सदनिका बाजारभावाने विकावी व खर्च वजा जाता येणारी रक्कम अमुक संस्थेला द्यावी. ती संस्था त्यावेळी अस्तित्वात नसल्यास तमुक संस्थेला द्यावी.’ संस्थेचं नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसंच घाला, सोबत नोंदणी क्रमांक आणि पत्ता. सारख्या नावांच्या संस्था असतात आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

ठेवींबाबत पावती क्रमांक लिहू नका. मुदत संपून नूतनीकरण झालं की क्रमांक बदलतो आणि ते दान हवेत राहतं. ‘मृत्यूसमयी असलेल्या सर्व ठेवींच्या दहा टक्के’ असं लिहा. नॉमिनी आणि वारस यांत गल्लत नको. बँक नॉमिनीला पैसे देते, पण ते शेवटी कुणाचे हे मृत्युपत्र ठरवतं.

मुलगा आव्हान देईल तर मुख्यतः ‘वडिलांवर दबाव होता’ म्हणून. त्यामुळे मसुदा संस्थेच्या वकिलाकडून करून घेऊ नका, विश्वस्त किंवा कर्मचारी साक्षीदार नको, सहीच्या वेळी त्यांच्यापैकी कुणी खोलीतसुद्धा नको. साक्षीदार दोन हवेत आणि दोघांनीही तुमची सही होताना पाहिलेली हवी. ते तुमच्यापेक्षा वयाने लहान असलेले बरे. तुमचं मन ठिकाणावर असल्याचं, त्याच तारखेचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. मुलांना कमी का दिलं, हे दोन ओळींत, कडवटपणा न आणता लिहा. नोंदणी सक्तीची नाही, तरी तुमच्या बाबतीत कराच.

करसवलत: फ्लॅट दिल्याने नाही, मृत्युपत्राने दिलेल्या पैशांवरही नाही. ज्याला सगळे 80जी म्हणतात ती देणगीवरची वजावट हयातीत दिलेल्या पैशांवर मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. रोख 2,000 रुपयांच्या वर दिलेत तर मिळत नाही. बहुतेक संस्थांबाबत आधी समायोजित उत्पन्नाच्या (इतर काही वजावटी वगैरे वगळून उरणाऱ्या उत्पन्नाच्या) 10 टक्क्यांची मर्यादा लागते, मग त्याच्या निम्मं धरतात. ते उत्पन्न 6 लाख असताना 80,000 दिले, तर 60,000 विचारात घेतले जातील आणि वजावट 30,000. ती उत्पन्नातून, करातून नव्हे. नुसती छापील पावती पुरत नाही, प्राप्तिकर पोर्टलवरून निघालेलं देणगी प्रमाणपत्र संस्थेकडून मागून घ्या. दरवर्षी चेकने थोडं थोडं देत गेलात तर संस्था हिशेब कसा ठेवते, हेही तुम्हाला कळत जाईल.

मृत्युपत्राची मूळ प्रत संस्थेकडे ठेवू नका. ती घरी किंवा लॉकरमध्ये असू द्या, झेरॉक्स एक्झिक्युटरकडे द्या, आणि मूळ कुठे आहे हे पत्नीलाही ठाऊक असू द्या.