'आळस', 'चालढकल' की 'टाळाटाळ'?

प्रश्न असा आला आहे: "लिहिणाऱ्या आणि चित्रं काढणाऱ्या मंडळींसाठी एक छोटं टिपण तयार करते आहे. शीर्षक सुचलं ते असं: 'सर्जनशील कामात प्रेरित राहणे आणि विलंबप्रवृत्तीवर मात करणे'. पण वाचताना ते मराठी वाटत नाही. प्रोक्रॅस्टिनेशनला आपल्याकडे नेमका शब्द कोणता? चालढकल, टाळाटाळ, दिरंगाई, की सरळ आळस म्हणावं? आणि 'प्रेरित राहणे' चालेल का?"

तुमच्या कानाला खटकलं ते बरोबरच खटकलं. आधी 'आळस' बाजूला काढू, कारण या एका शब्दाने लिहिणाऱ्या-रंगवणाऱ्या माणसांचं फार नुकसान केलं आहे. आळशाला काही करायचंच नसतं आणि त्याची त्याला खंतही नसते. गोष्ट लिहायची म्हणून सकाळी टेबलाशी बसलेला माणूस आधी टेबल पुसतो, पेन्सिलींना टोकं काढतो, जुन्या वह्या तारीखवार लावतो, आलेल्या प्रत्येक निरोपाला उत्तर देतो आणि दुपारी दमून उठतो. गोष्टीची एक ओळ झालेली नसते आणि ते त्याला दिवसभर टोचत असतं. एवढी कामं उरकणाऱ्याला आळशी कसं म्हणायचं?

हा भेद आपल्याकडे जुना आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर माणसाने टाकून द्यायचे सहा दोष सांगतो: निद्रा, तंद्रा, भय, क्रोध, आलस्य आणि दीर्घसूत्रता. आलस्य आणि दीर्घसूत्रता एकच असती तर विदुराने त्या वेगळ्या मोजल्या नसत्या. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याचं वर्णन आहे (श्लोक २८), तिथेही 'अलस' वेगळा आणि 'दीर्घसूत्री' वेगळा. शिवाय त्या दोघांच्या मध्ये 'विषादी' बसला आहे, म्हणजे खिन्न, मन खचलेला. मला हा शेजार फार बोलका वाटतो. टिमथी पिचिल आणि फ्यूशा सिरॉइस या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली मांडणी केली, की माणूस काम पुढे ढकलतो तो बऱ्याचदा वेळेचं गणित चुकल्यामुळे नव्हे, तर त्या कामाने मनात उठणारी अस्वस्थता तेवढ्यापुरती शमवण्यासाठी. त्या यादीत भय आहे आणि या श्लोकात विषाद आहे, हे अशा वेळी आठवतंच.

'दीर्घसूत्री' हा मग प्रोक्रॅस्टिनेशन करणाऱ्याला अगदी जुळणारा शब्द झाला. लांबच लांब सूत ओढत बसणारा, असं त्यातलं चित्र. शांतिपर्वात तीन माशांची गोष्ट आहे. पुढचं ओळखणारा अनागतविधाता, ऐनवेळी डोकं चालवणारा प्रत्युत्पन्नमती आणि तिसरा दीर्घसूत्र, जो जाळ्यात सापडतो. शब्द अचूक आहे, पण तुमच्या टिपणात तो मी वापरणार नाही. आज बोलण्यात तो उरलेला नाही आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला 'दूरचा विचार करणारा' अशी उलटी समजूत होऊ शकते.

'विलंबप्रवृत्ती' मात्र नकोच. विलंबात दोष असतोच असं नाही. गाडीला विलंब होतो, त्यात गाडीने काही टाळलेलं नसतं. गाण्यातली विलंबित लय तर मुद्दाम, विचाराने घेतलेली असते. 'दिरंगाई' हा फारसीतल्या 'दिरंग' म्हणजे उशीर या शब्दावरून आलेला, आणि त्याला कचेरीचा वास आहे. फाइल पुढे सरकली नाही, अर्ज पडून राहिला, की दिरंगाई. कवितेत दिरंगाई झाली असं कुणी म्हणत नाही.

उरले दोन: चालढकल आणि टाळाटाळ. लोक ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, पण नीट पाहिलं तर त्यांची नजर वेगवेगळ्या गोष्टींवर आहे. चालढकल तारखेकडे पाहते. आजचं उद्यावर, उद्याचं परवावर. काम तेच, फक्त त्याची जागा सरकते. गंमत म्हणजे प्रोक्रॅस्टिनेशनच्या पोटातही लॅटिनमधला 'क्रास' म्हणजे 'उद्या'च आहे. तेव्हा शब्दाला शब्द हवा असेल तर 'चालढकल' हेच उत्तर, बिनदिक्कत वापरा.

पण कलेच्या कामाबद्दल बोलताना माझा कल 'टाळाटाळ'कडे आहे. 'धावाधाव', 'शोधाशोध' यांच्याच घडणीचा हा शब्द आहे, म्हणजे क्रिया पुन्हा पुन्हा होते हे त्याच्या रूपातच दिसतं. मुख्य म्हणजे 'टाळणे' सकर्मक आहे. 'मी टाळतोय' म्हटलं की लगेच प्रश्न येतो: काय? 'मी आळशी आहे' या वाक्याला असा प्रश्न विचारता येत नाही, ते वाक्य तिथेच संपतं.

याचा मला स्वतःला उपयोग झाला म्हणून सांगतो. एका गेलेल्या मित्रावर लेख लिहायचा होता. तीन आठवडे रोज फाइल उघडायचो, पहिल्या ओळीतला एखादा शब्द बदलायचो आणि बंद करायचो. सगळ्यांना सांगत होतो, लेख होत नाहीये. एका संध्याकाळी वहीत लिहिलं: 'मी ____ टाळतो आहे.' गाळलेल्या जागी 'लेख' लिहिलं, ते खोटं वाटलं. खोडलं. मग लिहिलं, 'आमच्या भांडणाचा परिच्छेद'. सगळा लेख मी टाळत नव्हतोच, सात-आठ ओळी टाळत होतो. त्या रात्री तेवढ्याच लिहिल्या, वाईट लिहिल्या, आणि उरलेला लेख दोन दिवसांत झाला.

याच्या अगदी उलट काम मराठीतलं एक लाडकं क्रियापद करतं: 'राहून गेलं'. 'लिहायचं राहून गेलं', 'चित्र पुरं करायचं राहून गेलं'. या वाक्यांत कर्ता कुठे आहे पाहा. कुठेच नाही. काम जणू आपलं आपणच राहिलं आणि आपलं आपणच गेलं. 'लांबणीवर टाकलं' आणि 'लांबणीवर पडलं' यांतही तोच फरक. दुसऱ्याचं मन राखायला ही रचना फार सोयीची आहे, ती जाऊ नये. पण स्वतःशी बोलताना 'राहून गेलं'च्या जागी 'मी टाळलं' म्हणून बघा. वाक्य टोचतं, पण त्यात निदान आपण असतो, आणि आपण असलो तरच पुढचं काही करता येतं.

एक सावधगिरी. प्रत्येक थांबणं टाळाटाळ नसतं. विषय मनात 'घोळत' असतो, 'मुरत' असतो, त्यासाठी आपल्याकडे हे वेगळे शब्द आहेत आणि ते जपायला हवेत. ओळखायचं कसं? विषय घोळत असतो तेव्हा मन भलत्या वेळी आपणहून त्याच्याकडे जातं, चालताना एखादी ओळ सुचते. टाळत असतो तेव्हा विषय आठवला की मन झटकन दुसरीकडे पळतं. अशा कामाला आपण भिजत घोंगडं म्हणतो, आणि भिजलेलं घोंगडं दर तासाला जास्त जड होतं. पहिल्या दिवशी जे दोन बोटांनी उचललं असतं, त्याला महिन्याने दोन माणसं लागतात.

आता 'प्रेरित राहणे'. 'प्रेरणा' शब्दात हलवणं, ढकलणं आहे. 'प्रेरित' म्हणजे कुणीतरी ढकललेला. एखाद्या घटनेने प्रेरित होऊन नाटक लिहिलं, हे ठीक. तो एक क्षण असतो. पण सतत ढकललेल्या अवस्थेत राहायचं, ही कल्पना मराठी वाक्यात बसत नाही.

आपलं रोजचं बोलणं काय आहे? मला हुरूप येतो. मला कंटाळा येतो. मूड लागत नाही. हुरूप इथे 'मी'च्या हातात नाही. तो येतो, जातो, आणि माणूस 'मला' होऊन तो घेतो. उलट 'हाती घेतो', 'नेट लावतो', 'चिकाटी धरतो' या सगळ्यांत 'मी' पुढे आहे. तेव्हा 'हुरूप कसा टिकवायचा' हा प्रश्न भाषेच्या अंगानेही अवघड आहे, कारण आपण त्याचे कर्ते नाही. आणि अनुभव सांगतो की तो बहुतेकदा काम सुरू झाल्यावर येतो. 'चार ओळी झाल्या आणि हुरूप आला', असंच आपण म्हणतो ना?

'उत्साह' वापरायचा असेल तर त्याच्या मुळाशी 'सह्' हा धातू आहे: सोसणं, पेलणं. आपण उत्साह म्हणजे उड्या मारणं समजतो. भरताच्या नाट्यशास्त्रात उत्साह हा वीररसाचा स्थायी भाव आहे, येऊन जाणाऱ्या भावांत तो मोजलेला नाही. रोज अर्धा तास कोऱ्या कागदासमोर बसणं पेलणाऱ्याला 'उत्साही' म्हणणं मुळाला धरूनच होईल.

'मात करणे'ही काढा. मात बुद्धिबळातली, एकदा झाली की डाव संपला. टाळाटाळ दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा समोर बसलेली असते.

मी शीर्षक असं देईन: 'टाळलेलं काम हाती घेताना'. उपशीर्षक हवंच असेल तर 'लिहिणाऱ्यांसाठी आणि चित्रं काढणाऱ्यांसाठी'. 'सर्जनशील काम' म्हणायची मग गरज पडत नाही, आणि टिपण कुणासाठी आहे तेही कळतं.