बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळी कशी आली?

दसऱ्यापासून तीन प्रश्न फिरून फिरून येताहेत. "साहेब, बीटी लावलं तरी बोंडात अळी निघाली, बियाणं बोगस होतं का?" "या सरकीची ढेप जनावरं खातात, तेल आपण खातो, त्यानं काही होतं का?" आणि "तणनाशकानं न जळणारी कपाशी मिळते म्हणतात, घेऊ का?" पहिल्या प्रश्नाला जास्त वेळ देतो, कारण खरं नुकसान तिथंच होतंय.

मातीत बॅसिलस थुरिन्जिएन्सिस नावाचा जिवाणू असतो, बीटी हे त्याच्याच नावाचं लघुरूप. त्याचं एक प्रथिन अळीच्या पोटात गेलं की आतड्याला भोकं पडतात. अळीचं खाणं थांबतं आणि ती मरते. हे प्रथिन बनवण्याची माहिती ज्या जनुकात असते, ते जनुक प्रयोगशाळेत कपाशीच्या पेशीत बसवलं आणि त्या पेशीपासून झाड वाढवलं. आता ते झाड स्वतःच हे प्रथिन तयार करतं. यालाच जनुकीय अभियांत्रिकी म्हणतात. संकर वेगळा. १९७० साली सुरतेहून आलेला एच-४ हा कपाशीचा कपाशीशीच केलेला संकर होता. जिवाणूचं जनुक तसं कधीच आलं नसतं.

आपल्याकडे बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा त्यात एक जनुक होतं. २००६ पासून दोन जनुकांचं बियाणं आलं. हिरवी आणि ठिपक्यांची बोंडअळी त्यानं आवरली, फवारण्या कमी झाल्या, हे मी स्वतः शेतात पाहिलंय. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यावर मात्र त्याचा काहीच परिणाम होत नाही.

गुलाबी अळी सुटली, कारण ती जवळपास कपाशीवरच जगते. हिरवी अळी तूर-हरभऱ्यावरही वाढते, त्यामुळे बीटी कधीच न चाखलेले पतंग येऊन मिसळत राहतात. गुलाबीला पिढ्यानपिढ्या बीटीच खायला मिळालं आणि ज्यांना ते पचलं त्यांचीच संतती उरली. पूर्वी बियाण्याच्या पिशवीसोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची, ती याचसाठी. त्या बियाण्याच्या झाडांवर वाढलेल्या साध्या पतंगांशी संकर झाला की बीटी पचवण्याची ताकद पसरायला वेळ लागतो. किती घरांत ती पुडी तशीच पडून राहिली! त्यात आपण फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही न उपटलेली कपाशी, मार्चपर्यंत राखली, म्हणजे अळीला उन्हाळ्यापर्यंत दाणापाणी. २०१७ च्या हंगामात त्याचा फटका बसला. तेव्हा बोंडात अळी दिसली म्हणून लगेच बियाण्याला बोगस म्हणू नका.

ही अळी बाहेरून कळत नाही. बारीक अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि मागचं भोक बुजून जातं. बोंड हिरवंगार दिसतं, फोडलं की आत पिवळट कवडी (खराब झालेला कापूस) आणि दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या. फुलात असेल तर पाकळ्या उमलत नाहीत, टोकाशी शिवल्यासारख्या राहतात. ती डोमकळी. दिसली की तोडून अळीसकट नष्ट करा.

एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे) लावा. प्रत्येक सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग पडले, किंवा २० हिरव्या बोंडांपैकी दोनांत अळी निघाली, तरच रासायनिक औषध. त्याआधी ५ टक्के निंबोळी अर्क. औषधं एकत्र कालवू नका. हातमोजे आणि तोंडाला मास्क लावल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते विसरता येत नाही. डिसेंबरअखेर कपाशी उपटा. पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) बांधावर रचून ठेवू नका, त्यातल्या किडक्या बोंडांत अळी झोपून राहते.

ढेपेचं आणि तेलाचं भय बाळगू नका. अळीच्या आतड्यात या प्रथिनाला चिकटायला जी जागा असते, ती माणसाच्या किंवा गुराच्या आतड्यात नाही. आपल्या जठरातल्या आम्लात ते प्रथिन तुटतं. शुद्ध तेलात तर प्रथिन जवळपास राहतच नाही. तरीही प्रत्येक नव्या जनुकाची तपासणी वेगळी व्हायला हवी, असं माझं मत आहे. बीटी वांग्याला २०१० मध्ये स्थगिती मिळाली, तीही अशा तपासणीवर मतभेद होते म्हणून.

आता तणनाशकाची कपाशी. निंदणीची मजुरी परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण या बियाण्याला आपल्या देशात लागवडीची परवानगी नाही. पिशवीत नेमकं काय आहे, बीटी तरी आहे का, याची खात्री कुणीच देत नाही. एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारलं तर तणही गुलाबी अळीसारखंच त्याला सरावतं. शिवाय ही पिशवी बिलाशिवाय मिळते. उगवलं नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? परवानाधारक दुकानातूनच बियाणं घ्या. पक्कं बिल, पिशवीवरचं लेबल आणि मूठभर बियाणं शेवटची वेचणी होईपर्यंत जपून ठेवा.