ऑफिसच्या छताला काळी बुरशी आलीय, ती विषारी असेल का?

एसीजवळच्या सिलिंगवर काळे डाग, दोन महिन्यांचा खोकला, सुटीवर गेलं की बरं वाटतं; मग बुरशीची जात तपासून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं कळकळीचं सांगणं, आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

आमच्या रेकॉर्ड रूममध्ये शिरलं की कुबट वास यायचा, भिंत मात्र स्वच्छ दिसायची. एकदा लोखंडी कपाट सरकवलं, तर मागे कमरेपर्यंत हिरवट-काळा थर. बोट लावलं तर जिप्सम बोर्डाचा कागद सोलून हातात आला. आत पाइप गळत होता. बुरशी कोणती यावर आम्ही महिनाभर वाद घातला आणि तेवढे दिवस पाइप गळतच राहिला.

‘काळी विषारी बुरशी’ म्हणतात ती स्टॅकिबोट्रिस. ती ओल्या कागदावर, बोर्डावर वाढते, विषारी द्रव्यंही तयार करू शकते. पण काळ्या दिसणाऱ्या बुरश्या अनेक आहेत, नुसत्या रंगावरून काही कळत नाही. हवेत किती बीजाणू म्हणजे धोका, याचा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांतही नाही. ओल होऊ देऊ नका, झाली तर काढा, हाच त्यांचा भर. ऑफिसच्या हवेतून विषबाधा होते याचा पुरावा कच्चा आहे. खोकला, छातीतली घरघर, बळावणारा दमा यांचा ओलीशी संबंध मात्र पक्का आहे, आणि तुम्हाला नेमका खोकलाच आहे.

म्हणून सुटीत बरं वाटतं ही तुमची सगळ्यात मोलाची माहिती. छातीच्या डॉक्टरांना ती आवर्जून सांगा. त्यांनी पीक फ्लो मीटर (जोरात फुंकल्यावर श्वासाचा वेग मोजणारं छोटं यंत्र) दिलं तर दिवसातून चार वेळा फुंकून आकडा वहीत लिहा, कामाच्या दिवशीही आणि सुटीच्या दिवशीही. तीन-चार आठवड्यांत चढउतार दिसतो. कामावर गेल्यावर काही तासांनी ताप, थंडी, धाप असं पुन्हा पुन्हा होत असेल तर फ्लू समजून सोडू नका. फुप्फुसाला अ‍ॅलर्जीची सूज असू शकते, आणि दुर्लक्ष केलं तर कायमचे व्रण राहतात. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या सहकाऱ्याला तर तिथे बसवूच नये.

ब्लीचने पुसून वर रंग मारतील, तेवढ्यावर गप्प बसू नका. मेलेली बुरशीही अ‍ॅलर्जी देते. बुरशी धरलेला बोर्ड कापूनच काढावा लागतो, तोही खोली रिकामी करून, एन-९५ मास्क घालून. पुढे काहीही भिजलं तर २४ ते ४८ तासांत वाळवायचं.

तक्रार लेखी द्या, तारखेचे फोटो जोडा. आणि विषयात ‘बुरशी’ नको, ‘गळती’ लिहा. बुरशी लिहिली की फडकं घेऊन माणूस येतो, गळती लिहिली की प्लंबर येतो.