भाड्याच्या शंखातला खेकडा

अनेक आशीर्वाद.

‘इथे सिमेंटशिवाय काहीच नाही,’ असं तू लिहिलंस. साताऱ्याहून आलेल्या कुणालाही मुंबई तशीच वाटणार. मीसुद्धा पहिली दोन वर्षं फक्त रविवारी बोरिवलीचं नॅशनल पार्क गाठायचो आणि बाकी सहा दिवस मान खाली घालून चालायचो.

कानातले इयरफोन काढ. फेब्रुवारी-मार्चात माटुंग्याच्या पाच उद्यानांपाशी ‘टुक टुक टुक’ असा एकसुरी ठोका ऐकू येतो, कासाराच्या हातोडीसारखा. तो तांबट. चिमणीहून जरासा मोठा, हिरवा, कपाळ लाल. पानांत शोधू नकोस, शेंड्याची वाळकी फांदी बघ. हे कळायला मला तीन महिने लागले, मान दुखली ती वेगळीच. तिथल्याच पर्जन्यवृक्षांची पानं दिवेलागणीला मिटतात, परतताना बघ.

पण खरी गंमत समुद्राकडे. लोक भरती बघायला जातात, आपण ओहोटी गाठायची. हिशेब सोपा आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. मुंबईत तेव्हा भरती दुपारी १२ च्या सुमारास आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ ६ च्या सुमारास. पुढे रोज साधारण ५० मिनिटं उशीर धर. उधाणाला पाणी जितकं चढतं तितकंच खाली उतरतं, आणि कार्टर रोडचा काळा कातळ उघडा पडतो.

एखाद्या खळग्यापाशी उकिडवं बस आणि पाच मिनिटं हलू नकोस. आधी नुसतं गढूळ पाणी दिसेल. मग एक शंख चालायला लागेल. आत खेकडा असतो. त्याचं पोट मऊ, म्हणून ते मेलेल्या गोगलगायीच्या शंखात लपवून फिरतो. एकदा असाच एक जण रिकामा शंख नांग्यांनी आतून-बाहेरून चाचपत होता, थेट खोली बघायला आलेल्या भाडेकरूसारखा. झटकन जुन्यातून निघाला, नव्यात शिरला, आणि क्षणभराने पुन्हा जुन्यात. डिपॉझिट परवडलं नसावं.

हात मात्र कशालाच लावायचा नाही. नक्षीदार, शंकूच्या आकाराचे काही शंख डंख मारतात. शेवाळावर घसरून मी एक चष्मा घालवलाय, तेव्हा पकड असलेले बूट घाल. पाणी परतू लागलं की उठायचं, आणि पावसाळ्यात कातळावर जायचंच नाही.

येती अमावस्या कधी आहे ते बघून कळव. पाचला वांद्रे स्टेशनबाहेर भेटू. वडापाव माझ्याकडून.

तुझा,
काका